राजीनामा द्यायच्या आधी त्या मुलाच्या घरी जाऊन या

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातील एका प्रॉटेस्टंट मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) शब्बाथ शाळेला, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या वर्गाला, शिकवणाऱ्या, चाळिशीला टेकलेल्या एका भगिनीने हे पत्र लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा आशय येथे देत आहोत. त्यांच्या घराण्याची ही त्या मंडळीतील तिसरी पिढी. वडील शेवटपर्यंत पंच होते आणि आई अजूनही महिला मंडळात जाते. उपासनेत तबला वाजवणारा, शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी करणारा २६ वर्षांचा एक मुलगा समलिंगी आहे. त्याने ही गोष्ट तरुण संघातील एका मित्राला विश्वासाने सांगितली आणि महिनाभरात ती सगळीकडे पसरली. कमिटीच्या सभेत ‘त्याने काही काळ उपासनेतील सेवेपासून दूर राहावे’ असे ठरले आणि इतिवृत्तात तो ठराव ‘सर्वानुमते’ झाल्याची नोंद झाली. शब्बाथ शाळेच्या प्रतिनिधी म्हणून या भगिनी सभेला हजर होत्या. निर्णय त्यांना पटला नव्हता, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर तो मुलगा चर्चला आलेला नाही.

याच्या मागे आणखी एक अस्वस्थता आहे. २०१९ च्या पुरात चर्चच्या सभागृहात पूरग्रस्त राहिले होते आणि हाच मुलगा तेथे रात्री जागून भाकऱ्या वाटत होता. पूर ओसरल्यावर शब्बाथ शाळेत नेमका नोहाचा धडा आला, तेव्हा घरात पाणी शिरलेल्या एका मुलीने विचारले, ‘बाई, देव आमच्यावर रागावला होता का?’ या भगिनींना उत्तर देता आले नाही. तेव्हापासून अनंतकाळचा नरक, आपले हिंदू सहकारी तेथे जाणार ही शिकवण, असे एकेक करून त्यांच्या मनातून गळून पडत आहे. तरीही त्या दर रविवारी मुलांपुढे उभ्या राहतात. त्या विचारतात, ‘हा दांभिकपणा नाही का? मी अजून ख्रिस्ती आहे का? राजीनामा देऊन मंडळी सोडू की राहू? आई म्हणते, मंडळीत फूट पाडू नकोस, बाबांचं नाव आहे.’

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटी जे प्रश्न आहेत, ते सगळे तुमच्याविषयी आहेत. ज्याच्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, त्या मुलाविषयी मात्र त्यात एकही प्रश्न नाही. तो सध्या कसा आहे, घरात त्याच्याशी कोण बोलते, रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी तो काय करत असतो, त्याला परत यावेसे वाटते का, यातले काही तुम्हाला ठाऊक असावे असे पत्रावरून दिसत नाही. हे मी ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. मन खाऊ लागले की माणूस आधी स्वतःकडेच पाहतो, आणि ज्यांचे मन खातच नाही त्यांच्यापेक्षा ते केव्हाही बरे. परंतु तुमच्या प्रश्नांचा क्रम मला बदलावासा वाटतो. राहायचे की जायचे हे ठरवायला तुमच्यापाशी पुष्कळ वेळ आहे. त्या मुलाकडे जायला आधीच उशीर झाला आहे.

म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. या आठवड्यात त्याला फोन करा, घरी येऊ का असे विचारा आणि तो हो म्हणाला तर जा. जाताना वचनांची यादी नेऊ नका, कमिटीचा निरोप नेऊ नका आणि कमिटीवरचा राग तर मुळीच नेऊ नका. ‘आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय’ हे वाक्य एरवी कितीही चांगले असले, तरी त्याच्या कानांवर ते ‘तुला काहीतरी झाले आहे’ असेच पडेल. जे खरे आहे तेवढेच सांगा: सभेला मी होते, ठराव मला पटला नव्हता, मी गप्प बसले, त्याचे मला वाईट वाटते. त्यावर तो चिडला तर ऐकून घ्या. तो काहीच बोलला नाही तर चहा घ्या, नोकरीविषयी बोला, परत या आणि काही दिवसांनी पुन्हा जा. घरात कोणाला किती ठाऊक आहे हे त्याच्याकडूनच समजून घ्या आणि त्या मर्यादेच्या बाहेर एक शब्दही जाऊ देऊ नका, कारण विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर येणे म्हणजे काय, याचा अनुभव त्याने नुकताच घेतला आहे. आपल्यासाठी कोणी मंडळीत भांडावे असे त्याला वाटते का, हेही विचारा. अन्यायाविरुद्ध उभे राहण्याच्या उत्साहात आपण ज्याच्यासाठी उभे राहतो त्यालाच विचारायचे राहून जाते, आणि मग त्याचे नाव पुन्हा दहा घरांत चघळले जाते.

दया म्हणजे योग्य बाजूचे मत असणे, असे हल्ली आपण धरून चाललो आहोत. सुधारकी वळणाचे ख्रिस्ती लोकही, आणि मी त्यांच्यातलाच, या चुकीतून सुटलेले नाहीत. आमची मते उत्तम असतात आणि पाय घरातच असतात. शुभवर्तमानांत येशू जक्कय या बदनाम जकातदाराविषयी मत व्यक्त करत नाही, तो त्याच्या घरी उतरतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायासनावर बसलेला राजा कोणालाही त्याचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणून दाखवायला सांगत नाही. भुकेल्याला जेवू घातले का, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, एवढेच पाहतो. तेव्हा तुमचे मत बदलले की नाही, कितपत बदलले, हा हिशेब थोडा बाजूला ठेवायला हरकत नाही.

त्याच्या घरी गेल्यावर त्याचे आईवडील कदाचित तुम्हाला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारतील की यावर काही औषध आहे का, एखाद्या सुटकेच्या प्रार्थनेला न्यावे का. या प्रश्नाला तुमच्याकडे नीट उत्तर हवे. समलिंगी असणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच तो आजारांच्या वर्गीकरणातून काढला. आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ खाली प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा मानणे घटनाबाह्य ठरवले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की एखादी व्यक्ती समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चौकटीत बसत नाही एवढ्यावरून तिला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही, आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा ‘बदल घडवण्याचा’ उपचार करणे हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. म्हणजे जो डॉक्टर पैसे घेऊन मुलाला ‘सरळ’ करून देतो म्हणेल, तोच नियम मोडत असेल. लग्न लावून दिले की सगळे ठीक होईल असे सुचवणारे नातेवाईकही भेटतील. त्या लग्नात कोणाच्या तरी मुलीचे आयुष्यही जाते, हे त्यांना स्पष्टपणे सांगण्याइतका तुमचा अधिकार शिक्षिका म्हणून नक्कीच आहे.

आता पवित्र शास्त्राकडे वळतो, कारण उद्या तुम्ही पाळकसाहेबांशी बोलायला गेलात की ते लेवीय, रोमकरांस आणि पहिले करिंथकरांस यांतील समलिंगी संबंधांविरुद्धची वचने पुढे ठेवतील. ती वचने तेथे आहेत आणि ती नाहीत असे भासवण्यात अर्थ नाही. जगभरातील आणि आपल्या महाराष्ट्रातील बहुसंख्य मंडळ्या आजही त्यांचा पारंपरिक अर्थच मान्य करतात. त्यांतील बरेच लोक दुष्ट नाहीत, शास्त्राशी प्रामाणिक राहण्याची त्यांची धडपड खरी आहे. परंतु शास्त्राशी प्रामाणिक राहायचे म्हणजे शास्त्र स्वतःशी कसे बोलते हेही ऐकावे लागते. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात ज्यांना परमेश्वराच्या मंडळीचे दार बंद केले आहे, त्यांत हे दोघे आहेत: खच्ची केलेला पुरुष आणि शेजारच्या मवाब देशातील माणूस, तोही दहाव्या पिढीपर्यंत. पुढे रूथ नावाची मवाबी विधवा बेथलेहेमात येते, आणि ती दावीद राजाची पणजी होते. यशयाच्या छपन्नाव्या अध्यायात परमेश्वर षंढांना म्हणतो की माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मी तुम्हाला पुत्र आणि कन्या यांहूनही श्रेष्ठ असे नाव देईन. मग प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूश देशाच्या राणीचा षंढ खजिनदार रथात बसून यशयाच वाचत असतो आणि पाणी दिसताच त्याला येशूचा संदेश सांगणाऱ्या फिलिप्पाला विचारतो की माझा बाप्तिस्मा व्हायला आता अडचण कसली? अनुवादातील नियम फिलिप्पाला पाठ असणार. तरीही तो रथातून उतरून पाण्यात शिरतो.

तो खजिनदार आणि आजचा समलिंगी तरुण एकच आहेत, असा माझा दावा नाही. तसा दावा केला तर पाळकसाहेब तो लगेच खोडून काढतील आणि ते बरोबरच असेल. मी दाराविषयी बोलतो आहे. लिहिलेल्या नियमाने ज्याला बाहेर ठेवले, त्याला आत घेण्याचे काम शास्त्राच्या आतच, पिढ्यानुपिढ्या, देवाच्या नावाने चालू आहे. पेत्राला कर्नेल्य या यहुदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याच्या उंबरठ्यावर हाच धक्का बसला आणि यरुशलेमच्या सभेत याच प्रश्नावर वाद झाला. माझे स्वतःचे मत विचाराल तर ती वाट या मुलापर्यंतही येते असे मी मानतो. तुम्ही तेवढे लांब येऊ शकत नसाल, तरी निदान हे मान्य होईल की ज्या सभागृहात २०१९ च्या ऑगस्टमध्ये दारात कोणालाही जात, धर्म किंवा आचरण विचारले गेले नव्हते, त्याच आवारात भाकऱ्या वाटणाऱ्याला तबल्यापासून उठवताना मंडळीने किमान दहा मिनिटे शास्त्र उघडून पाहायला हवे होते. सभेत ते उघडले गेले होते का? आपल्या मंडळ्यांच्या सभांत कंपाउंडच्या भिंतीवर, भाडेकरूंवर आणि मालमत्तेच्या दाव्यांवर जेवढा वेळ जातो, त्याच्या चतुर्थांशही माणसांवर जात नाही, हे तुम्हीही पाहिले असेल.

आता तुमच्या विश्वासाविषयी. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून की काय, स्वतःच्या विश्वासाची उत्तरपत्रिका तपासायला बसला आहात आणि पासापुरते गुण पडतात का ते मोजत आहात. कोणता प्रश्न किती गुणांचा आहे हे तुम्हाला कोणी सांगितले? ज्या प्रेषितांच्या मतांगीकारासाठी आपण रविवारी उभे राहतो, त्यात अनंतकाळच्या यातनांविषयी एक वाक्यही नाही. चौथ्या शतकातील निसाचा ग्रेगरी अखेरीस सगळी सृष्टी देवाशी समेट पावेल अशी आशा बाळगून होता आणि मंडळीने त्याला संतांच्या यादीतून कधी काढले नाही. त्याच्या आधीच्या ओरिगेनला तसे विचार मांडल्याबद्दल मरणानंतर तीन शतकांनी दोषी ठरवले गेले, हेही खरे आहे; म्हणजे हा वाद फार जुना आहे आणि तुम्ही त्यातल्या एका बाजूला आला आहात. एवढ्याने कोणी ख्रिस्ती राहत नाही असे होत नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातील एका आजारी मुलाचा बाप एका श्वासात विश्वास आणि अविश्वास दोन्ही कबूल करतो, आणि येशू त्याला आधी अविश्वास निस्तरून ये असे न सांगता मुलाला बरे करतो.

मराठी ख्रिस्ती परंपरेत तर अशा अस्वस्थ माणसांची फार मोठी रांग आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण तेथील मठातील ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांची प्रत्येक शिकवण डोळे मिटून मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी पत्रांतून घातलेले वाद प्रसिद्ध आहेत. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. लक्ष्मीबाई तर नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे आपल्या जागी ठाम राहिल्या आणि स्वतःच्या पावलांनी, स्वतःच्या वेळेला आल्या. टिळकांची गीते आपण आजही तन्मयतेने म्हणतो आणि त्यांनी उघडलेले ते रुंद दार सोयीस्करपणे विसरतो. या माणसांना तुमच्यासारखेच प्रश्न पडले होते, आणि त्यांना ख्रिस्ती म्हणायला आज कोणी कचरत नाही.

शब्बाथ शाळेत उभे राहणे हा दांभिकपणा कधी होईल? जे तुम्हाला खोटे वाटते ते खरे म्हणून मुलांना शिकवाल तेव्हा. त्यावर उपाय राजीनाम्याहून सोपा आहे: ते शिकवू नका. ‘पुष्कळ ख्रिस्ती लोक असे मानतात, काही तसे मानत नाहीत’ असे दहा वर्षांच्या मुलांना सांगता येते; मुलांना ते आपल्याला वाटते त्यापेक्षा फार सहज समजते. त्या मुलीच्या प्रश्नाला तर शास्त्रातच सरळ उत्तर आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात येशू शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट काढतो. बुरूज कोसळून जी अठरा माणसे मेली ती यरुशलेमातील इतर सगळ्यांपेक्षा अधिक पापी होती काय, असे तो विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले, ते पाणलोटातल्या अतोनात पावसामुळे, भरलेल्या धरणांमुळे आणि पूररेषेत आपण केलेल्या बांधकामांमुळे. त्या मुलीच्या घरातील कोणाच्या पापामुळे नव्हे. हे तिला कोणीतरी शब्दांत सांगायला हवे. ती आता मोठी झाली असेल आणि कदाचित शब्बाथ शाळेतून बाहेरही पडली असेल, तरी मंडळीत दिसत असेल तर अजून सांगा. तिच्या जागी आज बसलेल्या मुलांना नोहाचा धडा शिकवाल तेव्हा नवव्या अध्यायापर्यंत जा, जेथे देव धनुष्य ढगांत ठेवून माणसांशी आणि प्रत्येक सजीव प्राण्याशी करार करतो. आपले बहुतेक धडे तारू बंद झाले की संपतात.

आता राहण्याजाण्याचा प्रश्न. सोडून जाणे म्हणजे प्रामाणिकपणा आणि राहणे म्हणजे तडजोड, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला ते तितकेसे पटत नाही. तुम्ही उद्या शांतपणे दुसऱ्या मंडळीत गेलात, किंवा कोठेच गेला नाहीत, तर तो ठराव तसाच राहील, सभेत तुमच्या जागी तो मनापासून पटलेली कोणीतरी व्यक्ती येईल, आणि शब्बाथ शाळेतल्या पंधरावीस मुलांपैकी पुढे कधी एखाद्याला तेच सांगायचे झाले तर त्याच्या ओळखीचे एकही मोठे माणूस तेथे नसेल. अशी मुले प्रत्येक मंडळीत असतात, ती आपल्याला माहीत नसतात एवढेच. कोल्हापूरच्या मंडळीच्या इतिहासात याविषयी एक गमतीचा दाखला आहे. १८५२ साली येथे आलेले मिशनरी रॉयल वाइल्डर ज्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेने त्यांना पाठवले त्याच्याशी मतभेद होऊन त्यापासून दूर झाले. मिशनने शाळांवर किती भर द्यावा हा त्या मतभेदातील एक मोठा मुद्दा होता. १८६१ साली ते बोर्डाच्या आधाराशिवाय पुन्हा कोल्हापुरात आले आणि काम करत राहिले, आणि १८७० मध्ये प्रेसबिटेरियन मिशनने ते काम आपल्याकडे घेतले. बोर्ड सुटले तरी त्यांनी गाव आणि शाळा सोडल्या नाहीत. त्यांच्या काळातील मिशनऱ्यांच्या सगळ्या विचारांशी आपण सहमत होण्याचे कारण नाही, पण कोणापासून दूर व्हायचे आणि कोणाला सोडायचे नाही, हे वेगवेगळे ठरवता येते एवढे त्यातून दिसते.

राहायचे ठरवलेत तर गप्प मात्र राहू नका, आणि बोलण्यासाठी व्यासपीठावर चढण्याचीही गरज नाही. पुढच्या सभेत पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असेल. ‘सर्वानुमते’ हा शब्द वाचला जाईल तेव्हा हात वर करून एवढेच म्हणा की माझी त्या ठरावाला संमती नव्हती, तेव्हा मी बोलले नाही, माझी असहमती नोंदवावी. भाषण नको, वचन नको. अर्थात त्या मुलाची हरकत नसेल तरच, आणि त्याचे नाव न घेता. इतिवृत्तातील एका ओळीने मंडळी बदलत नाही, परंतु सभेत गप्प बसलेल्या आणखी एकदोघांना आपण एकटे नाही हे कळते. असे एकदोघे असतातच.

त्याच्या आधी पाळकसाहेबांना एकट्याने भेटा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भावाशी आधी एकांतात बोलावे असे सांगितले आहे आणि ते कमिटीच्या राजकारणाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. त्यांच्याकडे सिद्धांत बदलण्याची मागणी घेऊन जाऊ नका, कारण ती मान्य करणे त्यांच्या हातात नाही. नेमक्या गोष्टी विचारा. कोणत्या नियमाखाली त्याला तबला वाजवण्यास मनाई आहे? ‘काही काळ’ म्हणजे किती? तो प्रभुभोजनाला आला तर त्याला दिले जाईल का? ज्या मित्राने विश्वासघात केला त्याला कोणी काही विचारले का? हाच प्रश्न मला सर्वांत जास्त खटकतो, कारण चहाडी हे पाप असल्याबद्दल शास्त्रात कोणताही मतभेद नाही. पाळकसाहेबांचीही बाजू समजून घ्या. बाहेर ख्रिस्ती समाजाकडे संशयाने पाहिले जाण्याच्या या दिवसांत कोणत्याही छोट्या मंडळीला आणखी एक वाद नको असतो, पंचांचा दबाव असतो, डोक्यावर बदलीची तलवार असते. भ्यायलेली मंडळी दार लावून घेते, हे समजण्यासारखे आहे. त्या दाराबाहेर आपलाच एक मुलगा राहिला आहे, ही आठवण त्यांना कोणीतरी करून द्यायला हवी.

एक मर्यादा मात्र आताच मनाशी ठरवून ठेवा. मुलांना अमुक लोकांचा तिरस्कार करायला शिकवा असे तुम्हाला सांगितले गेले, त्या मुलाला जाहीरपणे अपमानित केले गेले, किंवा तुमची स्वतःची झोप आणि प्रार्थना दोन्ही नाहीशी झाली, तर निघून जायला मागेपुढे पाहू नका. मंडळी अनेक आहेत, घरगुती प्रार्थनाही मंडळीच असते. तेव्हाही राजीनाम्यात कारण स्पष्ट लिहा. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहून जाणाऱ्यांमुळे आपल्या कित्येक मंडळ्यांना आपली माणसे का गेली हे कधीच कळलेले नाही.

आईविषयी तुम्ही अगदी थोडे लिहिले आहे आणि मला वाटते तुम्ही त्यांना कमी लेखत आहात. ‘फूट पाडू नकोस’ हे त्या म्हणाल्या, पण त्या मुलाविषयी त्या काय म्हणाल्या? महिला मंडळात आयुष्य घालवलेल्या या पिढीने कोणाच्या घरी मूल दगावले, कोणाची सून माहेरी परतली, कोणाचा नवरा पिऊन मारतो हे सगळे पाहिलेले असते आणि त्यावर ठराव न करता त्या डबा घेऊन गेलेल्या असतात. त्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या चर्चमध्ये बसलेल्या असतील. नाताळच्या करंज्या करायला त्याची आई आणि त्या एकत्र बसल्याही असतील. त्यांच्याशी मंडळी सोडण्याविषयी बोलू नका, त्यांच्याशी त्याच्याविषयी बोला. कसे राहावे, काय शिकवावे यावर तुमचे दोघींचे एकमत होणार नाही, आणि ते व्हायलाच हवे असेही नाही. पण मुलाची हरकत नसेल तर दुसऱ्या भेटीला त्यांना बरोबर न्या. पंचांच्या विधवेने त्या घरी चहा घेतला, ही बातमी कोणत्याही ठरावापेक्षा लवकर मंडळीत पोहोचेल.

हे उत्तर वाचणाऱ्यांमध्ये असे एखादे मूल किंवा त्याचे आईवडील असतील, तर त्यांच्यासाठी दोन शब्द. आईवडिलांनी मुलाशी बोलणे बंद करू नये. काय बोलावे ते सुचत नसेल तर जेवायला बोलवावे, तेवढे पुरते. आणि मुलाने, मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर ते एकट्याने वागवू नयेत. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते, आणि फोन करण्यासाठी मंडळीची, घराची किंवा कोणाचीही परवानगी लागत नाही.